मनूची दोन वर्षं

त्या सगळ्या काळात आमच्या घरात मिक्सर लावायला बंदी होती. ओट्याच्या कोपऱ्यात तो टॉवेल पांघरून बसलेला असायचा, आणि आलं-लसूण, शेंगदाण्याचं कूट, खोबरं, जे काही वाटायचं ते खलबत्त्यात. मिक्सर सुरू झाला की माझी धाकटी बहीण मनू दोन्ही कानांवर हात घेऊन भिंतीला डोकं टेकायची आणि तो बंद झाल्यावरही अर्धा तास तशीच उभी राहायची. कुकरच्या शिट्टीचंही तेच. शिट्टीची वेळ झाली की आई हातातलं काम टाकून मनूला गॅलरीत न्यायची, आणि मी गॅसपाशी उभी राहून शिट्टी फुसफुसायला लागली रे लागली की झाऱ्याने ती हळूच उचलून वाफ काढून टाकायची. त्यामुळे आमचा भात कधी गिच्च व्हायचा, कधी कणीदार राहायचा. पाहुण्यांना वाटायचं, हिला स्वयंपाक येत नाही. आईला तसा तो फारसा येत नव्हताच, पण भाताचा दोष तिचा नव्हता. आता हे लिहिताना पलीकडच्या खोलीतून मिक्सरचा आवाज येतोय. चटणी वाटायचं काम गेली कित्येक वर्षं मनूकडेच आहे, आणि ती गरजेपेक्षा पाच मिनिटं जास्तच वाटते.

मनू आठव्या महिन्यात जन्मली होती. बसली उशिरा, उभी राहिली उशिरा, चालली तीन वर्षांची झाल्यावर. पाच वर्षांची झाली तेव्हा तिच्याकडे चार-पाच शब्द होते, आणि त्यातले दोन फक्त मलाच कळायचे. लाळ गळायची म्हणून गळ्यात कायम लाळेरं. चावणं तिला जमत नव्हतं, म्हणून वरण-भात मऊ करून भरवावा लागायचा. अंगाने इतकी लहान, की रिक्षात कुणी तिला तीनच्या वर समजत नसे. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी ‘डेव्हलपमेंटल डिले’ असं म्हटलं होतं. बाबांनी मला त्याचा अर्थ सांगितला: सगळं येईल, पण हळूहळू येईल, आणि किती येईल ते आत्ताच सांगता येत नाही. माझ्या डोक्यात त्यातला पहिला भागच शिरला, आणि तेच बरं झालं.

आईची आई दोन वर्षं आमच्याकडे राहून मनूला सांभाळत होती. मग तिचे गुडघे गेले आणि मामा तिला गगनबावड्याला घेऊन गेला. एसटीच्या खिडकीतून ती डोळे पुसत मलाच सांगत राहिली, की मनूला पाणी वाटीनेच पाज, पेल्याने पाजशील तर ठसका लागेल. बाबा बिद्रीच्या साखर कारखान्यात ऑफिसला होते. हंगाम सुरू झाला की त्यांची जायची वेळ ठरलेली, यायची नाही. आई शहरातल्या एका लॅबमध्ये रक्ततपासणीचं काम करायची. तिचा हात एवढा हलका, की लोक सुई टोचून घेतल्यावर विचारायचे, ताई, कधी टोचणार? आवाजही तसाच हलका. घरात मोठ्याने बोलायचं काम माझ्याकडे होतं.

आजी गावी गेल्यावर आईने कॉलनीतलं एक पाळणाघर बघितलं. छान रंगवलेलं, भिंतीवर हत्ती-जिराफ. तिथल्या बाईंनी सतराव्या दिवशी मनूला परत केलं. “चार वर्षांच्या पुढच्या मुलांना हाताने खाता आलं पाहिजे आणि शी-शू सांगता आली पाहिजे, आमचा नियमच आहे तसा. बाकीच्या पालकांची तक्रार येते,” असं त्या म्हणाल्या. वाईट बाई नव्हत्या त्या. सांगताना त्यांनी मनूच्या हातात चॉकलेट दिलं होतं. दुसरं पाळणाघर जरा लांब होतं. तिथे पैसेही जास्त घेत, आणि आईला वाटलं, तिथे तरी निभावेल. तिथे मनू पाच आठवडे राहिली. त्या पाच आठवड्यांत तिने तिचे चार-पाच शब्दही बंद केले. आई रोज संध्याकाळी तिला पोटाशी धरून बसायची आणि मी खलबत्त्यात लसूण ठेचायची, गरज असो वा नसो.

त्या दुसऱ्या पाळणाघराचा फोन आला तेव्हा मी लॅबमध्येच होते. शनिवारची सकाळची शाळा सुटली की मी तिथे जायची आणि मागच्या बाकावर बसून डबा खायची. आई एका बाईचं रक्त काढायच्या तयारीत होती. पंचावन्नच्या आसपासची, उंचीपुरी, काष्टा नेसलेली बाई, दंडाला रबर बांधून घेऊन ऐसपैस बसलेली. आईने फोन कानाला लावला, दोनदा “हो” म्हणाली, एकदा “आज लगेच?” म्हणाली आणि फोन ठेवला. मग सुई हातात घेतली, आणि ज्या हाताची सगळ्या पेशंटांत ख्याती होती तो हात थरथरायला लागला.

“काय ओ ताई,” ती बाई म्हणाली, “सुई माझ्या हातात घालायची हाय न्हवं? मग तुमीच का घाबराय लागलाय?”

आईने सुई खाली ठेवली. परक्या माणसासमोर कधीही न बोलणारी माझी आई त्या बाईला सगळं सांगून मोकळी झाली. पोरगी परत न्यायला सांगितलीय, हे दुसऱ्यांदा, सोमवारी कामावर कशी येऊ कळत नाही. बाईने रबर बांधलेला हात तसाच ठेवून सगळं ऐकून घेतलं.

“मग माझ्याकडं आना की,” ती म्हणाली. “उचगावात घर हाय माझं. कामावर जानाऱ्या बायकांची पोरं संबाळतो आमी, सून आन् मी. चौदा हाईत. त्यात आनि एक.”

“तिला थोडं उशिरा येतं सगळं,” आई म्हणाली.

“यीना की उशिरा. तिला कुठं कामावर जायाचंय? वय काय म्हनायचं?”

त्या क्षणी आईने माझ्याकडे पाहिलं. माझ्या तोंडात पोळीचा घास होता. मनू त्याच्या दोनच महिने आधी पाच वर्षांची झाली होती.

“तीन,” आई म्हणाली.

मी घास गिळला. मला सगळं कळलं होतं. पाच म्हटलं की नियम येणार, चमचा येणार, शी-शू येणार, आणि पुन्हा सतराव्या दिवशी फोन येणार. तीन म्हटलं की ती लहान आहे, बस्स. आईने हे आधी ठरवलं नसावं, तोंडातून निघून गेलं. पण एकदा निघून गेल्यावर ते सांभाळणं आलं, आणि ते आम्ही दोघींनी सव्वा वर्ष सांभाळलं. बाबांनाही आठवडाभराने सांगितलं. ते “हं” म्हणाले आणि पेपर उलटा घडी घालून ठेवला.

त्या बाईंना सगळं उचगाव आक्का म्हणायचं, तेव्हा आम्हीही आक्काच म्हणू लागलो. पाळणाघरावर पाटी नव्हती. पुढे अंगण, एका बाजूला म्हशींचा गोठा, दुसऱ्या बाजूला पत्र्याची लांबलचक सोप्यासारखी, म्हणजे ओसरीवजा खोली, तिच्यात सतरंज्या. एमआयडीसीत कामाला जाणाऱ्या बायकांची, बाजारात दुकान असणाऱ्यांची, दोन नर्सबाईंची अशी पोरं तिथे दिवसभर असायची. माझी शाळा साडेपाचला सुटायची. मी बसने उचगावला जायची आणि आई गाडीवरून येईपर्यंत तासभर तिथेच असायची, म्हणून मी हे सगळं डोळ्यांनी पाहिलेलं आहे. शेणाचा, दुधाचा आणि लहान पोरांच्या अंगाचा मिळून जो वास तिथे यायचा, तो मला अजून कुठे आला तर मी दोन मिनिटं थांबते.

आक्कांच्या पोरांत दोन जाती होत्या: कडेवरची आणि पायावरची. कडेवरची म्हणजे पाचच्या आतली. त्यांना भरवायचं, धुवायचं, उचलून न्यायचं. पायावरच्यांनी सगळं आपलं आपण करायचं. ताट घ्यायचं, खाऊन झालं की हौदापाशी जाऊन धुवायचं, चपला ओळीत लावायच्या. आणि पायावरच्यांतला एक जण रोज पाळीपाळीने मुकादम व्हायचा. ऊसतोडीच्या टोळीला असतो तसा. मुकादमाने “वाढा” म्हटल्याशिवाय कुणाच्या ताटात काही पडायचं नाही. साडेपाच वर्षांचं बोबडं पोर छाती काढून उभं राही आणि सगळी गँग त्याच्या तोंडाकडे बघत बसे. कुणी लाजलं, कुणी विसरलं, कुणी मुद्दाम ताणून धरलं, तरी आक्का काही लसूण सोलायचं थांबवत नसत. “मुकादम हाय त्यो. त्येला सुचंल तवा म्हनंल,” एवढंच. मोठी झाल्यावर मी पुष्कळ शाळा पाहिल्या, दोन-तीन ठिकाणी शिकवलंही. पोराच्या तोंडून शब्द निघायची एवढी निवांत वाट बघणारं माणूस मला पुन्हा भेटलं नाही.

मनू अर्थातच कडेवरची. कधी आक्कांच्या, कधी सुरेखावहिनींच्या. सुरेखावहिनी ही आक्कांची सून, बारीक, कमी बोलणारी, हसली की तोंडावर पदर घेणारी. मनूचं लाळेरं दिवसातून सहा वेळा बदलायचं काम तिने न सांगता उचललं होतं. ती ते धुऊन गोठ्याच्या दोरीवर वाळत घालायची, आणि संध्याकाळी मी जायची तेव्हा ती सहा लाळेरी वाऱ्यावर हलत असायची. चावायला मनूला शिकवलं तेही त्या दोघींनीच. आधी दुधात कुस्करलेली भाकरी, मग जरा जाड कुस्करलेली, मग दाढेत सुक्या खोबऱ्याचा लांब तुकडा धरायला द्यायचा आणि समोर बसून आपणही तसाच तुकडा चावायचा. आक्कांचे स्वतःचे दात निम्मे गेलेले होते, तरी त्या चावायच्या. आठ महिन्यांत मनू भाकरीचा पापुद्रा हातात धरून खाऊ लागली. आईने ते पहिल्यांदा पाहिलं त्या दिवशी ती गाडी स्टँडवर लावायची विसरली आणि गाडी आडवी झाली.

मनूचे शब्द परत आले. नवे आले. म्हशीला ती “बया” म्हणायला लागली, सुरेखावहिनीला “लेखा”. नोव्हेंबरात तिचा वाढदिवस आला. आक्कांना तारीख खरी सांगितली होती, वर्षच तेवढं खोटं. त्यांनी म्हशीच्या तुपातला शिरा केला आणि “चवथं सरलं गं बाई” म्हणून मनूच्या तोंडावरून हात फिरवून आपल्या कानशिलांवर बोटं मोडली. सगळ्यांनी शिरा खाल्ला, मीही खाल्ला. शिरा फार चांगला झाला होता. इतक्या चांगल्या माणसाला आपण रोज फसवतो, हे त्या दिवशी मला नीट समजलं. पण आईला म्हणायची हिंमत झाली नाही. जागा गेली तर आईची नोकरी जाणार, आणि मनू पुन्हा गप्प होणार. मनूचं ते गप्प होणं मी एकदा पाहिलं होतं.

त्या शिऱ्याला तीन-चार महिने झाले असतील. मी नेहमीसारखी बसमधून उतरून गेले, तर फाटकापासूनच आक्कांचा आवाज ऐकू आला. आक्कांचा आवाज नेहमीच मोठा असायचा, पण हा निराळा होता. अंगणात मनू पाटावर बसलेली, लाळेऱ्यावर लाल डाग, तोंड उघडं. खालच्या दातांत मधोमध फट. पायावरची पोरं भिंतीला चिकटून गप्प. सुरेखावहिनी गोठ्याच्या खांबापाशी उभी होती आणि आक्का तिच्यासमोर.

“कुटं पडली पोरगी? हौदाच्या पायरीवर पडली न्हवं? मी वैरनीला गेलतो तेवढ्यात तुजं ध्यान कुटं हुतं?”

“आत्त्या, शप्पत, पडली न्हाय ती,” सुरेखावहिनी म्हणाली. सासूला ती आत्त्या म्हणायची. “भाकरी खाताना रगात दिसलं. दात भाकरीत निगाला.”

“चार वर्साच्या पोरीचा दात आपोआप निगतोय व्हय गं? मला शिकवतीस? परक्याचं पोर हाय ते! त्येला बोलाय येत न्हाय, दुखलं तर सांगाय येत न्हाय. म्हनून काय बी केलं तर चालतंय?” त्या घाबरल्या होत्या, हे मला तेव्हा कळलं नाही. मला वाटलं नुसत्याच चिडल्यात. “उद्यापास्नं पोरांत हात घालू नगंस तू. गोठ्याचं बघ. मी एकली बघतो.”

सुरेखावहिनीने दोरीवरची लाळेरी काढायला सुरुवात केली. एकेक काढायची, घडी घालायची, खांद्यावर टाकायची. पाण्याच्या धारा लागल्या होत्या डोळ्यांतून, त्या पुसायलाही तिने हात उचलला नाही.

मी फाटकातच उभी होते. माझा दात कधी पडला होता ते मला लख्ख आठवत होतं, पहिलीत, शाळेच्या डब्याच्या सुट्टीत. मला सगळं माहीत होतं आणि अंगणातल्या दुसऱ्या कुणालाच ते माहीत नव्हतं. किती वेळ मी गप्प राहिले, सांगता येत नाही. चार लाळेरी दोरीवरून उतरेपर्यंत राहिले, एवढं खरं. त्याची मला आजही लाज वाटते. पाचवं काढायला वहिनी वळली आणि माझ्या तोंडून निघालं, “आक्का, ती चार वर्षांची नाहीये. सहा वर्षांची आहे.”

आक्का वळल्या. “काय म्हनलीस?”

“मनू सहा वर्षांची आहे. दात पडायचाच होता. आईने तीन सांगितलं होतं तेव्हा ती पाचची होती.”

मला वाटलं आता त्या माझ्यावर ओरडतील. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या सोप्याच्या पायरीवर बसल्या आणि त्यांनी मनूला जवळ ओढून तिच्या तोंडात बोट घालून बघितलं. नवा दात खाली टोचत होता, पांढरी कड दिसत होती. त्यांनी सुरेखावहिनीकडे पाहिलं आणि मान खाली घातली. मग म्हणाल्या, “त्यो दात कुटाय? टाकून दिऊ नगा.” वहिनीने पदराच्या गाठीतून दात काढून दिला. आक्कांनी गोठ्यातनं चिमूटभर शेण आणलं, दात त्यात घातला आणि गोळा माझ्या हातात दिला. “टाक पत्र्यावर. नवा चांगला येतोय.” भांडण असो, फसवणूक असो, पडलेला दात घराच्या छपरावर गेलाच पाहिजे, यात त्यांना काही शंका नव्हती. मी फेकला. तो पत्र्यावर थप्पकन चिकटला.

“आता घरला जावा,” आक्का म्हणाल्या. “आईला म्हनावं, उद्या सांच्याला सगळ्या येतील तवा ये.”

“आणि मनूला सकाळी?”

“सकाळी नगं.” आईची गाडी येईपर्यंत मी मनूला घेऊन फाटकाबाहेर उभी राहिले.

त्या संध्याकाळी आमच्याकडे पिठलं होतं. आईने मी सांगितलेलं सगळं ऐकलं, पिठलं ढवळत राहिली, आणि ते करपल्यावर गॅस बंद केला. बाबा बिद्रीहून आले, तेही ऐकून खुर्चीत बसले. “आता तिसरं शोधायचं,” ते म्हणाले. “तिसरं नाही,” आई म्हणाली, “तिसरं हेच होतं.” मग ती माझ्याकडे न बघता म्हणाली, “तू गप्प बसायला हवं होतंस.” एवढंच. आईने मला आयुष्यात फटका असा मारला नाही, पण हे वाक्य मी पुष्कळ दिवस बाळगलं. तिच्या जागी मी असते तर हेच म्हटलं असतं, हे समजायला मला स्वतःला मूल व्हावं लागलं. मनू मात्र खुशीत होती. फटीतून जीभ बाहेर काढायची नवी युक्ती तिला सापडली होती आणि ती प्रत्येकासमोर जाऊन ती दाखवत होती.

दुसऱ्या दिवशी आईने रजा टाकली. संध्याकाळी आम्ही तिघी गाडीवरून उचगावला गेलो, मनू मध्ये, मी मागे. फाटकाशी नेहमीची गर्दी होती. एमआयडीसीतून सुटलेल्या बायका, कुणी पोराचं नाक पुसतेय, कुणी चप्पल शोधतेय. आईने आक्कांना नमस्कार केला आणि हळू आवाजात म्हणाली, “आक्का, जरा आत येऊन बोलू का?”

“आत कशापायी? ओरडनं भाईर झालंय. माफी बी भाईरच हुईल. पयला सुरेखाशी बोला.”

सुरेखावहिनी भांडी घासत होती. आई तिच्यासमोर जाऊन उभी राहिली. काय म्हणाली ते मला नीट ऐकू आलं नाही, पण बोलता बोलता तिने वहिनीचे राखेने माखलेले दोन्ही हात धरले, आणि वहिनी “ऱ्हाऊ दे ओ ताई, ऱ्हाऊ दे” म्हणत राहिली. मग आक्का स्वतः पुढे आल्या. “माजं बी चुकलं गं सुरेखा,” असं त्या चौदा पोरांच्या आयांसमोर म्हणाल्या. सासूने सुनेला असं चारचौघांत म्हटलेलं मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं, आणि त्यानंतरही क्वचितच. वहिनीने तोंडावर पदर घेतला.

“आता तुमचं,” आक्का आईकडे वळल्या. “मला फसवलासा, त्येचं मला काय न्हाय. लोक फसिवत्यातच. पर पोरीला फसवलासा त्येचं काय? सव्वा वरीस मी तिला कडंवर घिऊन हिंडलो. ल्हान हाय, ल्हान हाय म्हनून. सहा वर्साची पोरगी! तिला मी हौदावर चालत नेली असती. ताट धुवाय लावलं असतं. मुकादम केली असती. पोरं मुकादम हुताना बगत बसायची ती माझ्या काखंतनं, मला वाटायचं, हिचं अजून वय न्हाय. तिला काय येतंय ते बगायचं सोडून मी वय बगत बसलो, आन् ते वयबी खोटं. वय लपवून तिचंच वरीस खाल्लासा की ताई तुमी!”

आई रडत होती. “खरं सांगितलं असतं तर तुम्ही घेतलं नसतं, असं वाटलं,” ती म्हणाली.

“इचारलासा व्हय?”

मला त्या क्षणापर्यंत हे सुचलं नव्हतं, की आम्ही आक्कांना कधी विचारलंच नव्हतं. आधीच्या दोघींचं उत्तर आम्ही त्यांच्या तोंडात घालून ठेवलं होतं.

“दवाखान्याचे कागद घिऊन या उद्या,” आक्का म्हणाल्या. “मला वाचाय येत न्हाय, सुरेखा वाचंल. काय करून घ्या म्हनून सांगितलंय डाक्टरनं ते आमाला कळाय नगो? साळंचं बी बगाय पायजे, सहा म्हंजे काय थट्टा हाय? उद्यापास्नं ती पायावरची.” मग त्यांनी फाटकाशी जमलेल्या बायकांकडे हात केला. “आन् आता सांगा समद्यांस्नी. किती वर्सांची म्हनालासा?”

“सहा,” आई पुटपुटली.

“आईकू आलं न्हाय.”

“सहा,” आई म्हणाली, आणि मी ऐकलेला तिचा तो सगळ्यात मोठा आवाज होता. “सहा वर्षांची आहे ती. सहा पूर्ण झालीत.”

आई मान ताठ करून उभी राहिली, आता कुणीतरी काहीतरी म्हणणार म्हणून. बायकांनी ऐकलं. एका नर्सबाईंनी मान हलवली. फाउंड्रीत जाणारी एक बाई पोराची चप्पल शोधता शोधता म्हणाली, “माझ्या थोरल्या भनीची बी अशीच हाय की. आता लग्नात समद्यांस्नी वाडती,” आणि तिला चप्पल सापडली, तशी ती गेली. बाकीच्याही आपापली पोरं गोळा करून निघाल्या. आई अजून तशीच उभी होती.

“किती वर्षांची” एवढं मनूच्या कानावर पडलं होतं. त्या प्रश्नाचं उत्तर तिला येत होतं. तिने हात वर केला आणि चार बोटं दाखवली. दिवाळीची अख्खी सुट्टी घालून मीच तिला ते शिकवलं होतं. तिचा अंगठा पुन्हा पुन्हा उघडायचा आणि मी तो चिमटीत धरून मिटायची, रोज, पंचवीस-तीस वेळा. तिला जे काही येत होतं त्यात सगळ्यात पक्कं येत होतं ते हे, आणि ते आम्ही खोटं शिकवलं होतं. चार बोटं उंच धरून, नव्या फटीतून हसत, ती शाबासकीची वाट बघत आईकडे बघत होती.

“नाही मने, चार नाही गं,” म्हणत आई घाईने वाकली आणि तिची बोटं मिटायला लागली. मनूचे ओठ थरथरले.

आक्कांनी आईचं मनगट धरलं. “मोडू नगा,” त्या म्हणाल्या. “लई कष्टानं शिकलीया ती. ती चार हाईत तशी ऱ्हाऊ द्यात.” आणि गुडघ्यांचा आवाज करत त्या मनूसमोर उकिडव्या बसल्या, तिचा दुसरा हात आपल्या मांडीवर घेतला, आणि मिटलेल्या मुठीतलं एक बोट उघडलं, मग दुसरं. “ही दोन ह्या हातावर घे. झाली सहा.”

मनूने आधी एका हाताकडे पाहिलं, मग दुसऱ्याकडे. दोन्ही हात तसेच वर धरून ती फाटकाबाहेर चालत आली, आणि तसेच धरून गाडीवर बसली. उचगावपासून घरापर्यंत तिने एकही बोट मिटलं नाही. मी मागून तिला दोन्ही हातांनी घट्ट धरून बसले होते, कारण तिने कशालाच धरलं नव्हतं.